समुद्राच्या मिठाने जाम झालेल्या चेन आणि स्क्रू लातुरात बसून कसे सोडवले

समुद्रावरून आलेलं सामान न धुता बंद राहिलं, चेन हलेनात, स्क्रू फिरेनात आणि विचारायला जवळपास कुणी जाणकार नाही, अशा माणसासाठी हे लिहितेय. आम्ही लातूरचे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मी घरीच शिलाईकाम करते, शाळेच्या दप्तरांच्या चेन बदलते. एवढ्या अनुभवावर हे काम हातात घेतलं तेव्हा खरंच भीती वाटत होती, कारण सामान माझं नव्हतं आणि ते पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेलं होतं.

माझा धाकटा भाऊ मालवणला स्कूबा डायव्हिंगच्या बोटीवर काम करतो. गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा. गेल्या वर्षी त्याने स्वतःचं सामान घेतलं, वापरलेलंच, पण तरी ८५ हजारांचं. मेच्या शेवटी तिकडे पर्यटकांच्या बोटी बंद होतात. यंदा २४ मेला तो शेवटच्या फेरीवरून उतरला तोवर बाबा अत्यवस्थ झाल्याचा फोन गेला होता. ओलं सामान तसंच बॅगेत भरून तो कोल्हापूरमार्गे निघाला आणि बॅग घरात टेकवून थेट सोलापूरच्या दवाखान्यात गेला. मग ऑपरेशन, आयसीयू, पुन्हा ऑपरेशन. त्या दिवसांत बॅगेची आठवण कुणाला येणार? ती माळ्यावर चढली आणि जून-जुलै तिथेच राहिली.

ऑगस्टच्या २ तारखेला त्याचा फोन आला. बाबांना साध्या वॉर्डात हलवलं होतं. बोलता बोलता म्हणाला, "ताई, सप्टेंबरात मालवणला जावंच लागंल, हप्ते थकलेत. बॅग जरा उघडून बघतीस का?"

बॅग उघडलीच नाही. मोठ्या चेनचा रनर जागचा हलेना, त्यावर पांढरी पूड जमलेली. बाजूच्या छोट्या कप्प्यातून हात घालून चाचपलं तर वेटसुटाची, म्हणजे बुडी मारताना अंगात घालायच्या रबरी सुटाची, पाठीची चेन अर्धी लागलेली आणि घट्ट. टॉर्चचं झाकण फिरेना. चाकूच्या मुठीवर पांढरे फोड. हत्यारांच्या कॅनव्हासच्या पिशवीची पितळी चेन हिरवीगार.

शेजारचे म्हणाले, आपल्याकडची हवा कोरडी, इथं कसला आलाय गंज! मलाही तसंच वाटायचं, म्हणून शोधलं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे मेच्या उन्हात मीठ खडखडीत वाळलं असलं तरी पाऊस लागल्यावर बंद बॅगेत ते पुन्हा ओलं झालं, आणि दोन महिने धातू खात बसलं. तुमचं सामान समुद्राच्या पाण्यातलं असेल तर ते पावसाळ्याआधी धुवा. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल.

रंग बघून धातू ओळखता येतो, आणि उपाय त्यावरच ठरतो. हिरवं म्हणजे तांबं किंवा पितळ. तपकिरी-लाल म्हणजे लोखंड किंवा हलकं स्टील. पांढरी पूड म्हणजे जस्त किंवा ॲल्युमिनियम. बहुतेक बॅगांचे रनर जस्ताच्या ओतकामाचे असतात, वरून रंग दिलेला, त्यामुळे रंग उडाला की पांढरे पडतात. मी प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढून भावाला पाठवला आणि कुठलं काय आहे ते त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं. त्याच फोनवर त्याने ठणकावलं, "रेग्युलेटरला हात लावू नकोस, तेलाचा थेंबसुद्धा नको." रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र, त्याबद्दल पुढे.

पहिला प्रश्न पाण्याचा. लातूरकरांना सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर आहे, आणि आजही आमच्या नळाला रोज पाणी नसतं. समुद्राकाठचे लोक सांगतात, सामान गोड्या पाण्यात भरपूर बुडवा. भरपूर म्हणजे किती, आणि आणायचं कुठून? बोअरचं पाणी होतं, पण ते इतकं जड की वाळल्यावर बादलीला पांढरा थर धरतं. तेच चेनच्या दातांवर धरलं असतं.

म्हणून आधी हिशोब मांडला. वेटसूट भिजला की अंदाजे दोन लिटर पाणी धरून ठेवतो असं समजा. वीस लिटर पाण्यात एकदाच बुडवून काढला तर त्या दोन लिटरबरोबर मिठाचा दहावा भाग सुटातच राहतो. तेच वीस लिटर पाच-पाच लिटर करून चार वेळा वापरलं आणि दर वेळी नीट निथळू दिलं, तर साधारण शंभरावा भाग राहतो. पाणी तेवढंच! टबाऐवजी जाड प्लास्टिकची स्वच्छ पिशवी घ्या, त्यात सूट आणि पाणी घालून तोंड बांधा आणि बाहेरून चेपत राहा, म्हणजे पाच लिटरही सगळीकडे पोचतं. सुरुवातीची पाणी बोअरची घेतली, शेवटची दोन पावसाची. ऑगस्ट होता, पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावलं होतं. पाऊस नसेल तर शेवटच्या पाण्याला आरओचं पाणी वापरा. पहिलं खारट पाणी झाडांना मात्र घालू नका, ते संडासात ओतायच्या कामाचं.

मीठ गेलं की नाही हे कळायला आरओ दुरुस्तीवाले वापरतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला, २५० रुपयांना. या सगळ्या उद्योगात सर्वात उपयोगी पडलेली वस्तू हीच. पावसाच्या पाण्याचं रीडिंग ३० च्या खाली, बोअरचं हजारावर. सुटातून निघालेलं पहिलं पाणी ६ हजारांच्या पुढे गेलं. (समुद्राचं पाणी सुमारे ३५ हजार भरतं, इतकं हे मीटर मोजतच नाही.) पुढच्या प्रत्येक पाण्याला आकडा उतरत गेला, आणि शेवटच्या पावसाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवूनही तो शंभराच्या आत राहिला तेव्हा मी थांबले. डोळ्यांना सूट पहिल्या पाण्यातच स्वच्छ दिसत होता. मीटर नसता तर तिथेच थांबून चेन ओढायला बसले असते.

पाणी कोमट हवं, हाताला सोसेल इतकंच. गरम पाण्याने मीठ फार जास्त विरघळतं असं नाही, पण ते फटीत लवकर शिरतं आणि साचलेला चिकट थर सैल करतं. कडक पाण्याने वेटसुटाचं निओप्रिन, म्हणजे तो ज्याचा असतो ते रबर, खराब होतं.

आता चेन. वेटसुटाची चेन जाड प्लास्टिकच्या दातांची असते, दात गंजत नाहीत, गंजतो रनर. रनरच्या पोटात दोन वाटा एकत्र येतात आणि मध्ये पाचर असते. मीठ आणि गंज नेमका त्या पाचरीभोवती दगडावतो. म्हणून औषध वरच्या तोंडातून थेंबाथेंबाने सोडायचं, चेनवरून नुसतं फासून उपयोग नाही. मी इंजेक्शनची सिरिंज वापरली, सुई काढून. आधी नुसतं कोमट पाणी, रात्रभर वर ओलं फडकं. सकाळी लिंबूसत्त्व: किराणा दुकानात मिळतं ते, एक चहाचा चमचा एका पेल्यात. जस्ताच्या रनरवर हे आंबट पाणी मिनिट-दोन मिनिटंच ठेवायचं, कारण आम्ल गंजाबरोबर जस्तही खातं. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि मग साध्या पाण्याने. पितळाला दहा-पंधरा मिनिटं चालतात. पितळी चेनला मी घरातली चिंच लावली, देवाची भांडी घासतो तशीच, फक्त मीठ न घालता! मऊ टूथब्रशने दाताच्या दिशेने घासली आणि हिरवा थर निघाला.

रनरची कडी उभी धरून हलवा. पुष्कळ रनरमध्ये कडीखाली लॉकची बारीक पिन असते. कडी आडवी पडली की ती दातांत रुतते, आणि आपल्याला वाटतं गंजानेच धरलंय. रनर आधी ज्या बाजूने आला त्याच बाजूला मागे सरकवायचा, एखादा दात मागे आणि एखादा पुढे. वेटसुटाला पाठीमागे लांब दोरी असते, तिला धरून ओढायचा मोह होतो. ओढू नका. दोरीने जोर एकाच बाजूला लागतो आणि पट्टी शिवणीतून फाटते. पट्टी फाटली तर पूर्ण चेन बदलावी लागते, आणि निओप्रिन साध्या मशीनवर शिवून पाणी रोखता येत नाही. पुण्यात मी चौकशी केली होती, चेन बदलायला १,८०० रुपये आणि तीन आठवडे सांगितले.

रोज संध्याकाळी मशीनचं काम आवरलं की मी याला बसायची. थेंब सोडायचे, थांबायचं, घासायचं, धुवायचं. आई दवाखान्यातून फोन करायची तेव्हा हात थांबायचे. बाबांना ताप आला म्हटलं की त्या दिवशी काही सुचायचं नाही. भावाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, काय करलालीस?" मी म्हणायची, चेनच घेऊन बसलेय. दुसरा आठवडा संपत आला तेव्हा रनर अर्धा बोट सरकला. मी तिथेच थांबले, पुन्हा धुतला, दुसऱ्या दिवशी पूर्ण खाली आणला. रनर खालीवर फिरवत राहिले तसं आतून पांढरं पाणी येत राहिलं.

सुटल्यावर काय लावायचं यावर भरपूर सल्ले मिळतात. तेल नको, ग्रीस नको, त्यावर वाळू चिकटते आणि तीच पुढे दात झिजवते. पांढरी मेणबत्ती दातांवरून चोळा, प्लास्टिकच्या चेनला ती पुरते. धातूच्या चेनला पेन्सिलीचं शिसं लावतात, मीही दप्तरांना लावते, पण समुद्रात जाणाऱ्या चेनला ते नको. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट विजेचं वाहक आहे, खाऱ्या पाण्यात धातूला लागून राहिलं की धातूचा गंज वाढवतं. तिथेही मेणच.

बॅगेच्या चेनवर मी वेळ घालवला नव्हता, सामान बाहेर काढायला तिचा रनर सगळ्यात आधी कापला. तिचा जस्ताचा रनर इतका खाल्लेला होता की कडी हातात आली. अशा वेळी कटरने रनर बाजूने कापा, पट्टीला धक्का न लावता. रनरच्या मागे बहुधा आकडा असतो, ३, ५, ८ किंवा १०, तेवढाच नवा आणायचा. लातूरच्या गंजगोलाई बाजारात शिलाईच्या सामानाच्या दुकानात १० नंबरचा रनर २० रुपयांना मिळाला. बसवताना काट्याचा चमचा टेबलाच्या फटीत उभा अडकवा, रनर त्याच्या दातांवर चढवा आणि पट्टीच्या दोन्ही कडा सारख्या ओढा. दोन्ही हात मोकळे राहतात.

धातूच्या कामाला गल्लीतले मोटारसायकलचे मिस्त्री धावून आले. चाकूची मूठ ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारं पाणी, की विजेचा प्रवाह सुरू होतो आणि कमी टिकाऊ धातू, इथे ॲल्युमिनियम, विरघळत जातो. त्याची पांढरी पूड आट्यांत भरते आणि फुगते, म्हणून स्क्रू अडकतो. मिस्त्री म्हणाले, "ताई, लगीच पान्हा लावू नका, डोकं तुटंल. डिझेलमंदी ठिवा रातभर." ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मूठ गरम केली. उष्णतेने ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे भोक किंचित मोठं होतं. स्क्रू आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने दाबला, मग उलटा. कुरकुरत निघाला. १०० रुपये घेतले, तेही आग्रह केल्यावर. परत बसवताना आट्यांना पाण्याने न धुपणारं ग्रीस लावलंय. मूठ मात्र आतून पोखरली होती, ती कामाची राहिली नाही.

डब्ल्यूडी-४० सारखे फवारे सगळ्यांच्या घरात असतात. ते पाणी हटवतात, फटीत शिरतात, पण पातळ असतात, वंगण म्हणून टिकत नाहीत. आणि ते काय, डिझेल काय, रबर आणि निओप्रिनपासून लांब ठेवा. ते भाग फुगतात, सैल पडतात.

टॉर्चचं झाकण सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दोन्हीकडे गुंडाळून, हातांनीच उघडलं, दोनदा कोमट पाण्यात ठेवल्यावर. पाईप पान्हा लावला असता तर नळी चेपली असती. आतल्या अल्कलाइन बॅटऱ्या फुटून पांढरा थर आला होता. हा थर समुद्राच्या मिठाचा नसून अल्कलीचा, म्हणजे आम्लाच्या उलट पदार्थाचा असतो, त्याला व्हिनेगरचे थेंब लागतात. हातमोजे घाला. संपर्काच्या पट्ट्या गेल्याच होत्या, टॉर्च वाचला नाही.

हवा भरायच्या जाकिटाचं, म्हणजे बीसीडीचं, बटण अडकलं होतं. ते कोमट पाण्यात ठेवल्यावर सुटलं. त्याच्या आतही खारं पाणी राहतं. तोंडाच्या नळीतून लिटरभर गोडं पाणी आत सोडून, खळखळवून खालून काढावं लागतं. इथेही मीटरने मोजलं आणि आतून निघालेल्या पाण्याचं रीडिंग बाहेरच्यापेक्षा जास्त निघालं.

आता रेग्युलेटर. टाकीतली दाबाची हवा श्वासाला देणारं हे यंत्र, माणसाचा जीव त्यावर. त्यात साधं तेल-ग्रीस जाता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनजवळ खनिज तेल पेट घेऊ शकतं. मी एवढंच केलं: धूळ अडवायचं झाकण घट्ट बसवून कोमट पाण्यात ठेवलं. पाण्यात असताना तोंडाकडच्या भागाचं मधलं बटण दाबायचं नाही, दाबलं तर पाणी नळीतून आत जातं. बाकी काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं.

ते सेंटर लातुरात नाही. ६ ऑगस्टला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं: खरेदीचं बिल, यंत्राचा अनुक्रमांक, मालकाचं ओळखपत्र आणि मालकाव्यतिरिक्त कुणी पाठवत असेल तर अधिकारपत्र. बिल पहिल्या मालकाच्या नावावर! भावाने त्याच्याकडून विक्रीचं पत्र मिळवलं. दवाखान्याच्या बाकावर बसून अधिकारपत्र लिहिलं, फोटो पाठवला. तो चालला नाही, सहीची मूळ प्रत हवी होती. ती सोलापूरहून स्पीड पोस्टाने आली. १९ ऑगस्टला पार्सल गेलं, विम्यासह ४२० रुपये. मग अंदाजपत्रक, आणि आतले सुटे भाग यायची वाट. मधला आठवडा फोन कुणी उचलत नव्हतं, तेव्हा मेलवर अनुक्रमांक टाकून विचारलं की उत्तर येतं हे कळलं. वापरलेलं सामान घेत असाल तर विक्रीचं पत्र त्याच दिवशी लिहून घ्या, पुढचे पंधरवडे वाचतात.

२४ सप्टेंबरला रेग्युलेटर परत आला. ५,४०० रुपये बिल, सोबत दाब तपासल्याचा कागद आणि काढलेले जुने भाग पिशवीत. जुने भाग मागून घ्या, देतात.

त्याच आठवड्यात बाबांना घरी आणलं. भावाने अंगणात सगळं सामान मांडलं, वेटसुटाची चेन वरखाली करून बघितली, मग परत केली. बाबा खाटेवरून बघत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की बॅग त्यांच्यामुळे तशी राहिली, आणि आम्ही सांगणारही नाही.

रेग्युलेटरसह एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आसपास गेला, त्यात नवी टॉर्च आणि चाकू धरलेला नाही. बॅग त्याने स्वतःच नेली. आधी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवायचा विचार होता, पण सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि फवाऱ्याचे डबे ते घेत नाहीत, पोस्टातही चालत नाहीत. पाठवायचीच असेल तर ते आधी बाहेर काढा. निघताना बॅगेत दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या आणि एक जाड पिशवी टाकून दिलीय, बोटीवरून उतरल्या उतरल्या वापरायला. चेन अर्धी उघडी ठेवून आणि बॅटऱ्या काढून सामान सावलीत वाळवायचं हेही त्याच्याकडून वदवून घेतलं. टीडीएस मीटर माझ्याकडेच आहे. लातुरात कुणाला लागला तर घेऊन जा.